सहाच्या आधी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार
तारेवर डुक्कर मेलं. मादी. जबडा तारेवर आवळलेला, दात फुटलेले. जळक्या केसांचा वास चहापर्यंत पुरला.
बायको प्रभावती म्हणाली, "सकाळी विहारात पाणातिपाता म्हणता, जीव मारणार नाही म्हणता, अन् संध्याकाळी वावरात करंट सोडता."
मी मारत नाही. तार मारते. अर्धा हरभरा उकरून गेला, ते कुणी पाहिलं?

५ नोव्हेंबर
शेजारच्या वावरातला खेमसिंग — "झटका मशीन घ्या ना गुरुजी. त्यानं जनावर बिचकते, मरत नाही. तुमी त थेट लाइनच सोडली."
झटक्याला डुक्कर भीत नाही. त्याला सांगितलं, सकाळी सहाला बंद करतो. सहाच्या आधी बांधावर येऊ नका.
"हौ," म्हणाला.

९ नोव्हेंबर
तारेवर त्या मादीची पिल्लं. तीन.

१४ नोव्हेंबर
खेमसिंग. पावणेसहाला. लाइन आली म्हणून मोटर सुरू करायला निघाला असेल. पंजा तारेला चिकटलेला. बटण बंद केलं तेव्हा सुटला, कातडी तारेवर राहिली. अंग गरम होतं. ओढत त्याच्या विहिरीवर नेला. मोटरीची पेटी उघडून ठेवली.

१५ नोव्हेंबर
तांड्यात म्हणतात, पेटीनं घेतला. धनीबाई माझे हात धरून रडली — "तुमी होते म्हणून माणूस लवकर सापडला गुरुजी."
खरं सांगून तिचा नवरा परत आला असता का?
प्रभावतीनं तारेवरची कातडी पाहिली. माझी पँट वेगळ्या बादलीत धुतली. तेव्हापासून ताट वाढते, बोलत नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार
विहारात गेलो. पाणातिपाता म्हणताना आवाज नीट लागला.

२२ नोव्हेंबर
खेमसिंग हट्टीच होता. दरवर्षी बांध कोरायचा. सहाच्या आधी म्हटलं होतं. हौ म्हणाला होता.

२ डिसेंबर
खेमसिंगचा मुलगा शाम आला. "डुकरं आमच्याकडं वळली गुरुजी. तुमच्यावानी तार लावून द्या."
झटका मशीन घे म्हणालो.
"मंग तुमी काहून नाही घेतली?"
तार लावून दिली. नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. सहाला बंद करत जा, म्हणालो. त्याआधी कुणी आलं तर ज्याची त्याची चूक.
प्रभावतीला सांगायला हवं. पण ती बोलत नाही.

११ डिसेंबर
प्रभावती. आर्णीच्या बाजारासाठी मेथी खुडायला निघाली होती. शामच्या बांधावरून. पंजा मीच सोडवला.
शाम बटण बंद करून आला. "सहा वाजाचे होते अजून. तुमीच सांगतलं होतं ना गुरुजी."