आवतण घेतलेली गाडी

महाल, नागपूर
३१ ऑगस्ट १९७९

तीर्थस्वरूप धोंडबा मामा यांस,

भाचा नत्थू इथूनच तुमच्या पायांवर डोकं ठेवतो. तुमची कंबर कशी आहे, मामींचा दमा पावसानं वाढला की कमी झाला, आणि आमल्याच्या लोकोशेडमधून तुम्ही यंदा रिटायर होता की पुढच्या वर्षी, हे सगळं विचारायला आईनं सांगितलं आहे, ते मी विचारलं. इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायलाही तिनंच सांगितलं होतं. पण ते मी लिहीत नाही, कारण गाडी खुशाल नाही, आणि आमच्या घरी गाडी खुशाल नसली की कोणीच नसतं.

गाडीबद्दल तुम्हाला नव्यानं काय सांगू. सन बासष्टात बाबांनी कन्हानकडची बैलजोडी विकून ही अँबॅसिडर कामठीच्या एका डॉक्टरकडून जुनीच घेतली, तेव्हा तुम्हीच स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून पाच मिनिटं डोळे मिटून ऐकलं होतं आणि 'घेऊन टाका रुपराव, काळीज चांगलं आहे' असं म्हणाला होतात. तेव्हापासून बाबा रोज सकाळी महालातून निघतात, कन्हानच्या चौकात उभे राहतात, चार-पाच पेशंट आणि त्यांचे पाच-सहा नातेवाईक कोंबतात, त्यांना धंतोलीच्या दवाखान्यांत वाटून देतात आणि संध्याकाळी जे उरतील त्यांना परत नेतात. ('जे उरतील' हा बाबांचाच शब्द.) सतरा वर्षांत मीटरचे पाचही आकडे तीनदा शून्यावर आले. तिन्ही वेळा बाबांनी गल्लीत पेढे वाटले. माझ्या मॅट्रिकच्या वेळी पेढे वाटायचा प्रसंग आला नाही. मी परीक्षेला दोनदा बसलो आणि दोनदा उठलो.

या उन्हाळ्यात मी घरी नव्हतो. चार महिने गोंदियाकडे एका सर्कशीबरोबर होतो. काम हत्तिणीला चारा घालायचं. ती हत्तीण साठ वर्षांची होती, पण तिला कधी पिस्टनच्या रिंगा बदलवाव्या लागल्या नाहीत की सिलिंडरला बोअर मारावा लागला नाही. मालकाची लॉरी मात्र दर मुक्कामाला बंद पडायची आणि ती ओढायला हत्तीणच लावायचे. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की बाबांनी बैल विकून काही फार मोठी प्रगती केली नाही. पण ते राहू द्या. मी मे महिन्याच्या शेवटी परत आलो तेव्हा गाडीची तब्येत बिघडायला लागली होती.

तिचा आजार एक असता तर सांगता आला असता. तेल पेट्रोलच्या बरोबरीनं पिते. मागच्या पायदानात भोक पडलं आहे, त्यातून रस्ता दिसतो (लहान पोरं असलेल्या सवाऱ्या मुद्दाम ती जागा मागतात). स्टेअरिंग इतकं ढिलं की उजवीकडे वळायचं तर आधी मनात ठरवून ठेवावं लागतं. हे सगळं जुनं. नवीन म्हणजे दिवे. दिवे मंद झाले, बाबा म्हणाले, रस्ता उजळतच नाही. शालिकराम मिस्त्रीनं बल्ब बदलवले. तरी मंद. डायनमो बदलवला. तरी मंद. शालिकराम रात्री स्वतः गाडीपुढे उभा राहिला आणि डोळ्यांवर हात धरून म्हणाला, 'भाऊ, याच्याहून जास्त उजेड पाह्यजे असंन तर सूर्य बसवा लागते.' मग हॉर्न. कामठी रोडवर एका गिट्टीच्या ढिगामागे बाबा बराच वेळ हॉर्न वाजवत थांबले होते. बाबांचं म्हणणं, हॉर्न अडकला होता.

आणि मग ब्रेक. जूनच्या पहिल्या आठवड्यात कन्हानची बायजाबाई, पोटदुखीची जुनी पेशंट, बाबांनी धंतोलीत नेहमीच्या दवाखान्याच्या दारात उतरवली आणि ते पुढे गेले. ते दार दवाखान्याचं नव्हतं. चार घरं पुढे एक लग्न होतं, तिथला मांडव होता. बायजाबाईला वाटलं, दवाखाना मोठा झाला. तिच्या कपाळाला कुंकू लावलं, तिला पंगतीत बसवलं, बुंदी वाढली. ती बिचारी प्रत्येकाला कुठं दुखतं ते दाखवत होती आणि लोक म्हणत होते, 'आधी जेऊन घ्या आजी.' दोनदा बुंदी घेऊन ती संध्याकाळी गाडीत बसली तेव्हा पोट दुखत नव्हतं. तिनं पुढच्या वेळी त्याच डॉक्टरकडे न्या म्हणून सांगितलं आहे. बाबा घरी आले आणि म्हणाले, ब्रेक लागला नाही, गाडी चार घरं पुढे सरकली. शालिकरामनं चारही चाकं खोलली. काही निघालं नाही. तो म्हणाला, ब्रेकले अधूनमधून होते असं.

शेवटी जुलैच्या अखेरीस एका सकाळी गाडी चालूच झाली नाही. धक्का मारला, अख्ख्या गल्लीनं मारला, तरी नाही. शालिकरामनं बॉनेटमध्ये डोकं घालून बराच वेळ काढला आणि बाहेर येऊन इंजिनच्या ब्लॉकला तडा गेल्याचं सांगितलं. दुरुस्त करण्यात अर्थ नाही, भंगारात द्या. आईचं म्हणणं, ही द्या आणि ऑटोरिक्षा घ्या, नत्थू चालवंन. (नत्थूला कोणी विचारलं नाही. ट्रकवर असताना काढलेलं लायसन्स माझ्याजवळ आहे, पण मी आजवर एका जागी चार महिन्यांवर टिकलो नाही हे तिलाही माहीत आहे.) शेजारच्या इंदूबाई म्हणाल्या, माणूस असता तर एव्हाना तेरवी झाली असती. आणि बाबा म्हणतात, बोअर मारून घेऊ, रिंगा टाकू, अजून एक शून्य येऊ द्या.

या वादात महिना गेला. गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी. मधल्या काळात इंदूबाईंची कोंबडी मागच्या सीटवर अंड्यांवर बसली, त्यामुळे एकवीस दिवस गाडीला हात लावायची सोय नव्हती. बाबा रोज सकाळी सहाला अंघोळ करून, खाकी शर्ट घालून, गाडीजवळ स्टूल टाकून बसत आणि कोंबडीशी बोलत. कन्हानच्या सवाऱ्यांशी बोलायचे तसंच, कुठं दुखते, कधीपासून दुखते. इतका कामाचा माणूस असा बसलेला पाहणं मला बरं वाटत नव्हतं. म्हणून पिल्लं निघताच मी भंगारवाला गाठला. महिना होत आला तेव्हा मी तसाही निघायच्या बेतात होतो.

इथं माझी चूक झाली. मी फिरता माणूस, माझ्याजवळ कॅलेंडर नसतं. मी भंगारवाल्याला बुधवारी बोलावलं आणि बुधवारी पोळा निघाला. आमच्या घरी बैल राहिले नाहीत, पण आईनं पोळा सोडला नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. आदल्या संध्याकाळी तिनं नेहमीप्रमाणे गाडीचे पुढचे दोन मडगार्ड, म्हणजे खांदे, हळद आणि तूप लावून पळसाच्या पानांनी शेकले होते, बॉनेटवर हात ठेवून 'आज आवतण घ्या, उद्या जेवाले या' असं म्हटलं होतं. सकाळी भंगारवाला हातगाडी, दोन माणसं आणि दोर घेऊन आला तर गाडीच्या गळ्यात झेंडूची माळ आणि पुढे पुरणपोळीचं ताट. आई दारात उभी. तिनं एवढंच विचारलं, 'आवतण देल्लं आहे. उपाशी नेता का?'

तो भंगारवाला, नाव अनंत, मूळचा मौद्याकडचा शेतकऱ्याचा पोरगा निघाला. त्याचा चेहरा पडला. त्यानं दोर खाली ठेवला, चपला काढल्या, गाडीला हात लावून पाया पडला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, 'काहून गा, पोळ्याच्या दिवशी कोणी बैल इकते का? बापानं काही शिकवलं का नाही तुले?' मग तो आणि त्याची दोन्ही माणसं आमच्या घरी जेवली. पाच-पाच पोळ्या. जाताना तो बाबांना म्हणाला, या वर्षी नाही, बुवा, मले पाप लागंन. बाबा खूश झाले. महिन्यात पहिल्यांदा हसले. मी सोडून सगळे खूश होते.

त्याला आज नववा दिवस. बाबांनी पक्कं सांगितलं आहे की शालिकराम पोरगा आहे, त्याला इंजिन काय कळते. 'धोंडबाजीनं कान लावून पाह्यलं होतं, तेच आता कान लावतीन. ते म्हणतीन मेली, तर मेली.' तेव्हा मामा, गाडी दुरुस्त करावी की बदलावी, हे तुमच्या एका शब्दावर आलं आहे. तुम्ही मेली म्हणाला नाहीत तर बाबा ती नीट करून पुन्हा कन्हानला जाणार. जमल्यास एक दिवसाची रजा टाकून या. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
नत्थू

ता. क. वर लिहिलेलं सगळं खरं आहे, एक सोडून. ब्लॉकला तडा गेलेला नाही. गाडी बंद पडली नाही, मी पाडली. डिस्ट्रीब्यूटरच्या झाकणाखाली सुपारीएवढा काळा रोटर असतो, तो नसला की ठिणगी पुढे जात नाही, हे तुम्हाला मी काय सांगावं. तो महिनाभर माझ्या शर्टाच्या खिशात आहे. शालिकरामला ठाऊक आहे. जुलैमध्ये मी बाबांबरोबर कन्हानला चार फेऱ्या केल्या. बाबा माझ्याशी आयुष्यात एवढं कधी बोलले नव्हते. समोरचा ट्रक कोणत्या रंगाचा आहे, ती बाई रस्ता ओलांडून राहिली का उभी आहे, सिग्नलवाला पोरगा नवीन दिसते का. मला वाटलं, बापाला पोरगा आवडायला लागला. मी भरभरून सांगत गेलो. चौथ्या फेरीला माचिस शोधायला गाडीच्या डॅशबोर्डचा डबा उघडला तर धंतोलीच्या डोळ्याच्या डॉक्टरचा कागद सापडला, मार्चमधला. काचबिंदू. डावा गेला, उजवा अर्धा. गाडी चालवू नये, खाली दोन रेघा. बाबांनी तो चार घड्या करून ठेवला होता. त्यांना हे तोंडावर म्हणायची माझी छाती नाही. तुम्ही या, कान लावा आणि मेली म्हणा. एवढंच काम आहे, बाकी पत्र उगाच लांबलं.

ता. क. दुसरा. पाकिटाला डिंक लावत होतो तर बाबा बाजूला येऊन बसले. 'एवढं काय लिहून राहिला गा?' मी म्हटलं, मामाला, गाडीचं. ते म्हणाले, 'रोटरचं लिहिलं का?' मी डिंकाची बाटली खाली ठेवली. ते म्हणाले, पहिल्याच दिवशी झाकण उघडून बोट घातलं होतं, जागा खाली होती. 'माह्यानं चावी खाली ठेवून होत नव्हती. तू ठेवली, बरं झालं.' मग म्हणाले, मामाले लिही, या म्हणा, आणि तुह्या आईसमोर इंजिन गेलं म्हणूनच सांगा. तिले डोळ्याचं आताच नको, पावसाळा जाऊ दे. म्हणजे मामा, आता तुम्हाला खोटं बोलायचं ते आम्हा दोघांसाठी. उठताना त्यांनी माझा खिसा चाचपला आणि म्हणाले, 'याच्यात ठेवत जाऊ नको, घामानं खराब होते. फडक्यात बांधून ठेव. गाडी ज्याच्या हाती जाईन त्याले लागंन.' असं म्हणताना ते माझ्याकडे पाहत होते की माझ्यामागच्या रांजणाकडे, ते मला अजून कळलं नाही.