उजळाईवाडीचं विमान कोण घेणार?

३० जानेवारी १९८९
विमान कंपनीचं दिवाळं वाजलं! मुंबईच्या हापिसला कुलूप. एकुलतं एक विमान कोल्हापूरला, उजळाईवाडीच्या धावपट्टीवर उभं. आमचे भाडेकरू हंबीरराव त्याचे मेकॅनिक. संध्याकाळी पायरीवर येऊन बसले.
"शास्त्रीबुवा, कागलच्या साखर कारखान्यानं बोलावलंय. शुक्रवारी हजर व्हायचं, न्हायतर दुसरा घेणार. जाऊ का थांबू? तुमी बातमीदार, तुमास्नी ठावं असतंय की."
तर्कशास्त्र शिकलेल्याला असं विचारू नये. उत्तर द्यावंसं वाटतं.

३१ जानेवारी
धावपट्टीवर सफारीतले दोघे! इंजिन उघडून पाहिलं, फोटो काढले. कुणाकडून आलात? — नुसते हसले. बोलणं मुंबईचं, बूट मुंबईचे. म्हणजे मुंबईची एखादी मोठी विमान कंपनी आमच्या पिल्लाला पोटात घेणार. नोकरांसकट, अर्थात.
ही म्हणाली, "ते काही बोललेच नाहीत, मग तुम्हाला कळलं कसं?"
अनुमान, म्हटलं.
"अनुमानावर मला कुणी वांगी देत नाही."

१ फेब्रुवारी
बातमी धाडली. 'विलीनीकरण जवळजवळ निश्चित — जाणकार गोटाचे मत.' जाणकार गोट म्हणजे मी आणि माझा अडकित्ता.

२ फेब्रुवारी
पहिल्या पानावर! 'जवळजवळ' तेवढं कापलंय. जागा नव्हती म्हणे. तक्रार करायला हवी होती. चार जणांनी अभिनंदन केलं, राहून गेलं.
हंबीररावांनी कात्रण काढून हँगरच्या भिंतीला डकवलं.

३ फेब्रुवारी, शुक्रवार
हंबीरराव कागलला गेले नाहीत. सकाळी नळावर त्यांच्या शालूबाई — "बघा हं भावजी, तुमच्या शब्दावर ऱ्हायलोय आमी." मी तोंडात ब्रश होता म्हणून बोललो नाही. ब्रश बराच वेळ ठेवला.

५ फेब्रुवारी
मुंबईहून कुणी नाही. झोप नाही.

६ फेब्रुवारी
त्या मोठ्या कंपनीला ट्रंक कॉल. तासभर ताटकळल्यावर लागला. कोल्हापूरच्या विमानाचं विचारलं. पलीकडची बाई — "कोल्हापूरला विमान आहे?"
ठेवला. वायूला रूप नसतं, नुसता स्पर्श असतो, असं तर्कशास्त्राचे गुरुजी शिकवायचे. माझ्या बातमीला तर स्पर्शही नाही!
कागलला फोन केला. जागा शनिवारीच भरली.

७ फेब्रुवारी
उद्यमनगरात पिराजीशेठ भेटले. फाउंड्रीवाले. पाठीवर जोरात थाप — "काय शास्त्रीबुवा, बरं झालं की तुमी छापलंसा!"
काय?
"अवो, ते इमान मीच घेनार हुतो! ती सफारीवाली दोघं माझीच मानसं, मुंबैस्नं आनलेली. इंजान झ्याक हाय म्हनली. हितली पोरंबी ठेवनार हुतो. तवर तुमच्या पेपरात आलं, मुंबैवाल्यांनी घेतलं. म्हटलं, त्येंच्याशी कुठं झटापट करा? दुसऱ्याच दिशी नवी भट्टी ठरवून टाकली."
बातमी चुकली, म्हटलं. विमान अजूनही घ्या.
"आता काय घ्या? भट्टीवाल्यास्नी शब्द दिला की वो."

८ फेब्रुवारी
सांगायलाच उजळाईवाडीला गेलो. हंबीरराव शिडीवर, विमानाचं तोंड पुसत होते.
"आलासा? बरं झालं! ह्ये बघा, कशी चकाकतीया काच. नवं मालक कवा येनार वो?"
शिडी धरून उभा राहिलो.