पलीकडच्या काठाचे लाल दोरे

सोमवार, ३ तारीख

माझा लाल लोकरीचा गुंडा गेला! टोपलीत हात घातला तर नुसत्या सुया. मफलर अर्धाच विणून झालाय. चोर घरातलाच — आमची नात. उद्या तिच्या कॉलेजची पोरं पाटाच्या काठची झाडं बघायला येणार, खुणेला दोरे हवेत, म्हणून आजीचा गुंडा! विचारायची सोय नाही. "विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस." अर्थात नाही म्हणाले असते!

हां. आता बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी तुला उघडलं, वही. पेन्सिल बोथट झालीय, तीही तिनंच वापरली असणार.

मंगळवार, ४ तारीख

आली बाई वरात. पाठीवर पिशव्या, डोक्याला टोप्या, एकाच्या गळ्यात भिंग. पाट सध्या कोरडा. तळाला चिखल, शेवाळ, कोणाची तरी चप्पल. दगडी बांध इतका जुना की सांध्यासांध्यातून झाडं उगवलीत. पोरं त्याच्यापुढे पालथी पडून बघतात, जसं काही सोनं सांडलंय.

एक टोपीवाला म्हणाला, "आजी, याला काय म्हणतात हो?"
म्हटलं, "गवत."
"आणि याला?"
"तेही गवतच. जरा उंच."
लिहून घेतलं मेल्यानं!

त्यांच्या बाई बऱ्या आहेत. बोलतात हळू, पण सगळी पोरं ऐकतात. आमच्या दारापुढचा भाग नातीकडे दिलाय, दोन्ही काठ. काम चांगलं झालं तरच पुढच्या वर्षी ह्या विषयात घेणार. तिच्या बापाचं म्हणणं, "तण मोजून पोट भरतं का?" तो वाटच बघतोय हिला कॉलेजातून काढायची. ती दिवसभर चिखलात गुडघे टेकून होती. गुंड्याचा राग होताच. चहा मात्र दोनदा दिला.

संध्याकाळी पाटकरी आला, पाणी सोडणारा. पाणी यायच्या आधी ज्यानं त्यानं आपल्या दारापुढचा काठ साफ करायचा, ही जुनीच रीत. ह्या खेपेला एक नवीन — लाल दोरा दिसला की त्या झाडाला हात लावायचा नाही. पोरांचा अभ्यास संपेपर्यंत.

पलीकडच्या काठाला आमची धाकटी जाऊ राहते. तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. काठ असा घासते की ताट मांडून जेवावं! पाट ओलांडायची फळी माझ्या दारासमोरून उचलून स्वतःच्या दारासमोर टाकली होती तिनं. तेव्हापासून मी लांबून वळसा घालते. तेव्हापासून बोलणंही बंद. म्हणजे कामापुरतं आणि भांडणापुरतं.

बुधवार, ५ तारीख

गुंड्याचा उरलेला भाग नातीच्या बुटात सापडला. बुटात!

मग बसल्या बसल्या डोक्यात आलं.

दुपारी जाऊ दात दाखवायला गेली. मी वळसा घालून, तिचीच फळी ओलांडून पलीकडे. तिच्या पायरीपुढे गाजरगवत, आघाडा, एक काटेरी काहीतरी. जे जे ओंगळ दिसलं त्याला दोरा. कंबर धरली, पण काम नीट केलं. एका वाळक्या काटकीलाही बांधला. तीही अभ्यासात येऊ दे!

गुरुवार, ६ तारीख

जाऊ विळा घेऊन बाहेर आली. दोरे पाहिले. तशीच आत गेली. दार आपटलं. जेवण आज गोड लागलं.

शनिवार, ८ तारीख

माझ्या धुण्याच्या दगडाभोवती पण दोरे. खाजकुयलीला सुद्धा! पोरांना दुसरी जागा मिळाली नाही? बादलीतल्या पाण्यानं कपडे धुते आणि कोपरापर्यंत खाजवते. जाऊ खिडकीतून बघत होती. बघू दे. तिच्या पायरीपुढचं रान डास सांभाळतंय.

सोमवार, १० तारीख

पेन्सिलीचं टोक मोडलं. रागानं. कोणाच्या ते ठरत नाही.

पोरं पुन्हा आली, खुणेची झाडं पुन्हा मोजली. बाईंनी जुनी यादी काढून ताडून पाहिली. मग नातीला बाजूला घेतलं, पण बाजूला म्हणजे माझ्या खिडकीखालीच.

"पहिल्या दिवशी तू दिलेल्या नोंदींत ही झाडं नाहीत. मग दोरे कुठून आले?"
"माहीत नाही, बाई."
"घर इथंच तुझं. आपला भाग मोठा दिसावा म्हणून मागाहून बांधलेस का?"
"नाही हो."
"मग मला हा भाग वगळावा लागेल."

पोरगी रडली नाही. खाली बघून नखातला चिखल काढत राहिली. ते बघवेना. मी बाहेर आले. तोंड उघडलं होतं — खरंच उघडलं होतं! — तेवढ्यात फळीवरून जाऊ तरातरा आली आणि म्हणाली, "बाई, तिला बोलू नका. दोरे मी बांधले."

मी तशीच. तोंड उघडं.

बाईंनी विचारलं, का? म्हणाली, "म्हातारपणचे चाळे. दुसरं काय?"

बाई म्हणाल्या, तुमचे तेवढे काढून टाका. गुरुवारी मी येऊन बघते. उरलेले नोंदींशी जुळले तर भाग ठेवते.

हिनं माझा गुन्हा चोरला! भर लोकांत! आता सगळी पोरं तिला "किती मोठं मन" म्हणत होती. मन कसलं, वखार आहे ती. पण त्या दिवशी दात दाखवून लवकर परतली असणार, मला दोरे बांधताना पाहिलं असणार, आणि तरी बोलली नाही. पोरीसाठी स्वतःवर घेतलं.

झोप येणार नाही.

मंगळवार, ११ तारीख

उपकार म्हणजे काय जाच! सकाळपासून तीच डोळ्यांपुढे. शेवटी नातीच्या हाती लिंबं पाठवली, चांगली रसाळ निवडून. निरोप आला — "जाऊबाईंना बरं नाही का?"

परत मागवणार होते लिंबं. नाही मागवली.

बुधवार, १२ तारीख

सकाळी पाटकऱ्यानं पाणी सोडलं. आधी फेस, मग पानं, मग ती चप्पल. काठावर उभी राहून बघत होते, तर जाऊ ह्या बाजूला, माझ्या दगडापाशी ओणवी! खाजकुयलीचा दोरा सोडतेय.

"इथं काय करतेस गं?"
"माझे दोरे काढतेय. दुसरं काय?"
"तुझे?"
"मग कोणाचे? माझी लाल टोपी उसवली त्यासाठी. खाजलं की नाही तुम्हाला?"

उपकार नव्हताच मुळी! तिनं आपलंच पाप कबूल केलं होतं. आणि मी लिंबं दिली!

"मग तुझ्या पायरीपुढचे?" मी विचारलं.
"ते पोरांचे. त्यांना हात लावायचा नाही म्हणून तर डास खातेय मी."

गेली फळीवरून. आणि फळी आत ओढून घेतली, पाण्यात वाहून जाईल म्हणून. तिच्याकडे जायला आता वाट नाही. दिवसभर पायरीवर बसून लिंबू पिळून पीत होती, माझंच. पलीकडचे माझे दोरे तसेच, आणि उद्या बाई मोजणार. वाऱ्यावर हलतायत. ती वाळकी काटकीसुद्धा.

हाक मारून सांगता आलं असतं. घसा साफही केला. पण तिच्यापुढे? सगळ्या आळीत ती वर्षभर हसेल. पुन्हा आत आले.

दिवेलागणीला नात जवळ येऊन बसली. म्हणाली, "पलीकडचे तुझे आहेत ना? तुझी गाठ ओळखते मी. मफलरला अशीच मारतेस."
मी सुया हलवत राहिले.
"उद्या मी सांगते, माझी चूक झाली म्हणून. तू नको मध्ये पडूस. धाकट्या आजी तुला जगू देणार नाहीत."
"आणि पुढचं वर्ष?"
"बघू."

बघू म्हणे! तिच्या बापाचाच आवाज आला त्यातून.

गुरुवार, १३ तारीख

बाई वळणावर दिसतायत. पोरीला आत घालून बाहेरून कडी लावलीय, ती दार ठोकतेय — ठोकू दे. जाऊ पायरीवर आहेच. बरंच झालं, तिलाही नीट ऐकू जाईल. मी पाटावर चालले. पलीकडच्या दोऱ्यांचं कोणी काही विचारलं तर उत्तर मी द्यायचं. दुसऱ्या कोणीही तोंड उघडायचं नाही!