अक्काचा कौल

कोरेगाव, बुधवार संध्याकाळ

आज वर्गातला एक हशा महागात पडला; त्यात अक्काचं ऑपरेशन गेलं. साताऱ्यात माझ्या एम.ए.चा, धर्माच्या तत्त्वज्ञानाचा तास होता. मी ऐटीत म्हणालो, "मी देवाला विचारून कधी काही केलं नाही. माझी थोरली बहीण मात्र देवीला फुलं चिकटवून कौल लावणार; उजवं पडलं तरच ऑपरेशन!" पोरं हसली. माझे कान तिखट. तास संपायची वाट बघत दाराबाहेर बसलेल्या अक्काच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या, ते मी ऐकलं. तरी बोलतच राहिलो. का?

गाडीत ती म्हणाली, "कौलाबिगर मी टेबलावर चढायची न्हाई रं. आन् कौल लावायची आता लाज वाटती."



माझं दुकान टाकताना मीच तिला कौल लावायला धाडलं होतं. उजवं फूल पडल्यावरच मी शटर उघडलं.