चालीपुढची कोरी जागा

सोलापूर, श्रावण वद्य दशमी, संध्याकाळ

उद्या सकाळी गणपतीच्या मेळ्यासाठी मी लिहिलेली पदं छापखान्यात द्यायची आहेत आणि शेवटच्या पदावर 'चाल' या शब्दापुढची जागा अजून कोरीच. आमचा गाणारा मल्लप्पा म्हणाला, "मास्तर, लोकांना गेल्या सालचीच चाल पायजे की." चाली लावणारे पेटीवाले मास्तर म्हणाले, "मग लोकही गेल्या सालचेच आण," आणि पेटी मिटून घरी गेले. आता मास्तर परत येतील का?

घरी पद मोठ्यानं वाचलं, तर ते आपोआप गेल्या सालच्याच चालीत बसलं. मास्तरांना नवं सुचायला मी वाव ठेवलाच नव्हता.

कोरी जागा तशीच ठेवली, खालचं पद खोडलं. नवं लिहून आधी मास्तरांचं दार, मग छापखाना.