बिनकेसांचं गिऱ्हाईक

प्रिय मिशाळ,

पत्राला एवढा उशीर केला त्याबद्दल आधी माफ कर. रोज कागद घ्यायचा, वर तुझं नाव लिहायचं आणि पुढे काही सुचेना की घडी करून उशीखाली सारायचा, असं चाललं होतं. काल तुझ्या वहिनीने उशीची खोळ बदलायला काढली आणि सगळे कागद जमिनीवर पडले. म्हणाली, एवढ्यात लोकांची आत्मचरित्रं लिहून होतात. धाकटी लेक म्हणत होती, फोनवर बोलून मोकळे व्हा. पण फोनवर मी नुसता हं हं करतो, हे तुला ठाऊक आहे. शाळा चौथीतच सुटली, तेव्हा चुका पोटात घाल.

तुझं पत्र चारच ओळींचं. माझं काय चुकलं ते सांग, नाहीतर यापुढे तुझ्या दाराशी येणार नाही. वाचल्यापासून घास उतरेना. तू बोललेलं करतोस, म्हणून जास्त धास्ती. तर पहिल्यांदा हेच लिहून टाकतो की तुझं काहीही चुकलेलं नाही. म्हणजे रागाने मध्येच पत्र फाडलंस तरी एवढं तरी वाचलेलं असेल.

आपल्या धंद्यातली गंमत बघ. गावाचे केस कापणाऱ्याला स्वतःचे कापता येत नाहीत. म्हणून दर महिन्याला दुकान बंद असायच्या दिवशी एकदा तू इकडे, एकदा मी तिकडे. बसने आलेला असेल तो आधी खुर्चीत बसणार, मग दुसरा. माझे तू कापायचे, तुझे मी. ऊठबस सारखी, फिट्टंफाट. तुला ती नुसती मजा वाटायची. माझ्या मात्र डोक्यात तराजूचा काटा असायचा. तू मिशीची टोकं जास्त वेळ बसवून घेतलीस की मी पण उगाच मानेवरून दुसऱ्यांदा वस्तरा फिरवून घ्यायचो, बरोबरी व्हावी म्हणून. वहिनी दवाखान्यात होती तेव्हा तू तुझं दुकान बंद ठेवून माझं उघडलंस. त्यानंतर मला नीट झोप नव्हती, हे कसं फेडायचं म्हणून. पुढे तुझं छप्पर गळायला लागल्याचं कळलं, तर वाईट वाटायचं सोडून मला हायसं वाटलं. शिडी घेऊन धावत आलो, तू गळ्यात पडलास, आणि मी मनातल्या मनात म्हणत होतो, चला, सुटलो. हे वहिनीलाही माहीत नाही. माहीत झालं तर म्हणेल, तुम्ही माणसं जोडता की वजनं करता.

आता हाताचं सांगतो. माझा उजवा हात थरथरतो, अक्षर वाकडं दिसतंय ते त्यामुळेच. आधी चहाच्या कपाची बशी वाजायची, मी म्हणायचो कप हलका आहे. मग एकदा गिऱ्हाइकाच्या कानामागे कात्री लागली. थोडंसंच रक्त आलं, पण मी कात्री खाली ठेवली ती ठेवलीच. तेव्हापासून खुर्चीमागे धाकटी उभी राहते. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. डॉक्टर म्हणतात जिवाला धोका नाही, पण हात पूर्वीसारखा व्हायचा नाही. वयच झालं.

मला पहिला विचार तुझा आला. आता मिशाळचे केस मी कापू शकणार नाही, मग त्याच्याकडून आपले कुठल्या तोंडाने कापून घ्यायचे? म्हणून आधी निरोप पाठवला की गुडघा दुखतोय. पुढच्या महिन्यात लग्नसराईचं कारण सांगितलं. आणि तू न कळवता आलास त्या दिवशी मी घरातच होतो. मागच्या खोलीत, वाळत घातलेल्या टॉवेलांच्या मागे. बाहेर गेलेत असं वहिनीला सांगायला लावलं. तू विचारलंस, गुडघा दुखतो तो माणूस एवढा वेळ गेला कुठे? तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. तू पाणी पिऊन गेलास आणि ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. धाकटी म्हणाली, मी कापते तुमचे केस. पण डाव्या कानामागचा भोवरा कसा बसवायचा ते तुलाच येतं. मी टोपी घालून हिंडायला लागलो. आरशांच्या दुकानात राहून आरशाकडे बघायचं टाळतो, यावरून काय ते समज.

तुला आमचा पोस्टमन आठवत असेल. निवृत्त झालेला, डोकं गुळगुळीत, कानावर नावापुरती झालर. दर शनिवारी येतो; हात बिघडल्यापासून मी घरी नाही असं ऐकून परत जायचा. मी इतकी वर्षं त्याला बांधलेलं गिऱ्हाईक समजत होतो आणि झालर छाटायचे अर्धेच पैसे घेतो म्हणून मनातून स्वतःला शाबासकी देत होतो. गेल्या शनिवारी धाकटीने त्याला खुर्ची दाखवली, तर बसेना. तुमच्या वडिलांसाठी थांबतो म्हणाला. मी आतून ऐकत होतो. शेवटी बाहेर आलो आणि हात पुढे करून दाखवला. त्याने हाताकडे पाहिलं, मग माझ्या टोपीकडे, आणि खुर्चीत जाऊन बसला.

"अहो, माझ्या डोक्यावर कापायला आहे काय?" म्हणाला. "मी काय केस कापायला येत होतो होय? इथे बसलं की तुम्ही विचारता, आठवडा कसा गेला. दुसरं कोणी विचारत नाही."

 मी सवयीने त्याच्या गळ्याभोवती कापड गुंडाळलं. गाठ धाकटीने मारून दिली. गरम पाण्यातून टॉवेल पिळून त्याच्या डोक्यावर ठेवला आणि वर हात दाबून धरला. हात आपला थरथरतोच आहे. पोस्टमनने डोळे मिटले आणि म्हणाला, वा, आता मालिशही आपोआप व्हायला लागली. धाकटी हसली, मग तो हसला, आणि मला इतकं हसू आलं की भिंतीला टेकावं लागलं. मग विचारलं, आठवडा कसा गेला? तो सांगत राहिला. पैसे द्यायला लागला ते मी घेतले नाहीत. हिशेब जुळला नाही म्हणून नेहमीप्रमाणे जीव खालीवर होईल असं वाटलं होतं, पण झाला नाही. उलट छातीवरची फरशी कुणीतरी उचलावी तसं झालं. त्या रात्री पोटभर जेवलो.

म्हणून हे पत्र. येत्या बंदच्या दिवशी ये आणि माझे केस काप. मी तुझे कापणार नाही, मला ते आता जमणार नाही, आणि त्याबदल्यात दुसरं काही करीन असंही म्हणत नाही. नुसता खुर्चीत बसेन. तुझे धाकटी कापील, किंवा तू कुठेही कापून घे, फक्त मिशीला कुणाला हात लावू देऊ नकोस. तू रागावला असशील तर रागावूनच ये, कापताना बोल लाव, मला हलता येणार नाही. पण येणार की नाही ते लवकर कळव. दोन शब्द लिहिलेस तरी पुरे. तोवर मी रोज दारात उभा राहून टपालाची वाट बघणार, आणि वहिनी मला उन्हात उभं राहिल्याबद्दल ओरडणार.

तुझाच,
घाबरट