हिरव्या पुडीची मुदत

शिन्चू, ८ जानेवारी २००९

ती. लान-ताईस,
शू-चिनचा सा. न. वि. वि.

फोनवर रडू येतं म्हणून लिहिते. कंपनीने यांना बिनपगारी रजेवर बसवलंय. आमच्या लग्नाच्या वर्षी यांनी तुला गाणारं शुभेच्छाकार्ड दिलं होतं आणि ते गप्प होईना म्हणून तू पाण्यात बुडवलंस, आठवतं? त्यातली चिप या कंपनीची पहिली. मग घड्याळांच्या झाल्या, कॅल्क्युलेटरच्या, मग कॉम्प्युटरच्या मेमरीच्या. यांचं आयुष्य चिपा भाजायच्या एका भट्टीपाशी गेलं. आता ती चिप भाताच्या मुटक्यापेक्षा स्वस्त झालीय. जितक्या बनवाव्यात तितकं बुडायचं.

हे सकाळी गणवेश घालून दाराशी उभे राहतात. घोर एकच, भट्टीवरची हिरवी पुडी. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून 'गुणी बाळ' नावाचा तो खाऊ वर ठेवतात. फोडायचा नाही आणि शिळा होऊ द्यायचा नाही. त्याची मुदत संपत आलीय. मी नवी पुडी घेऊन फाटकावर गेले, तर पहारेकरी म्हणाला, काकू, इथे माणसांना आत घेत नाहीत, खाऊला कुठून घेऊ?

देवळात लाकडी चंद्रकोरी टाकून विचारलं, कारखाना वाचेल का? दोन्ही उताण्या पडल्या, म्हणजे हो-नाही काही न सांगता देव नुसता हसला. पुन्हा टाकल्या, पुन्हा हसला.

काल हे म्हणाले, "भट्टी गेल्यावर मला घरात ठेवून काय करशील?" तेव्हापासून गच्चीची किल्ली मी कमरेला बांधून फिरते.

माया आटू देऊ नकोस.
तुझी,
शू-चिन

तैनान, १४ जानेवारी

चि. सौ. शू-चिन हिस अ. उ. आ.

देव हसेल नाही तर काय करेल? चिपांचे भाव त्याला काय ठाऊक, बाई? नवऱ्याचं विचार. आणि देवाच्या आधी नवऱ्यालाच विचार, जेवलात का म्हणून.

ते कार्ड मी बुडवलं खरं, पण दोरीवर वाळल्यावर पुन्हा गायला लागलं. तुला सांगायचं राहूनच गेलं. खारवलेली मासळी पाठवतेय. तुझ्या वेन-हुईंना काटे काढायला बसव, हात गुंततील. किल्ली सोडू नकोस.

आशीर्वाद आहेतच, पण पत्र लवकर टाक.
लान-ताई

शिन्चू, २ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

कारखाना गेला. भट्टी परदेशात विकली. पेटीत भरायला यांनाच बोलावलं, कारण तिचे बोल्ट दुसऱ्या कुणाला सुटेनात. जुनी हिरवी पुडी घेऊन घरी आले, टेबलावर टाकली आणि भिंतीकडे तोंड करून पडले. तुझी मासळी तशीच राहिली.

माझ्याकडची नवी पुडी मी यांच्या उशाशी ठेवली. दुपारी डोळे उघडले तेव्हा म्हणाले, मी काय यंत्र आहे? मी म्हटलं, यंत्र असतात तर तुम्हालाही विकलं असतं. हसले नाहीत. पुडी उचलली तेव्हा मला वाटलं, आता फोडतात की काय. फोडली नाही. उलटी करून मागची तारीख वाचली.

"जूनपर्यंत आहे," म्हणाले, आणि पुन्हा उशाशी नीट उभी करून ठेवली. मग मासळी मागितली.

ताई, किल्ली अजून कमरेलाच आहे. जूननंतरच्या मुदतीची पुडी दुकानात आली का, हे मी आजच विचारून आले.

अशीच पाठीशी राहा.
तुझी,
शू-चिन